पुढच्या साथीसाठी कर्मचारी संघटनेने मदत निधी उभारावा की दाव्यांसाठी माणूस नेमावा? (सांगली जिल्हा)

कृष्णाकाठचे गुरुजी
शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्य, सगळ्याच संवर्गांच्या संघटनांपुढे एक प्रस्ताव ठेवतो: कायमस्वरूपी साथ-मदत निधी. सभासदाकडून महिन्याला २० रुपये. ४,००० सभासद धरले तर वर्षाला ९ लाख ६० हजार जमतात. सभासद गेला की आठ दिवसांत कुटुंबाच्या हातात १ लाख.

मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले तेव्हापासून चेकनाके, रेशन दुकानं, विलगीकरण कक्ष, पुढे ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’चं घरोघरचं सर्वेक्षण, सगळीकडे आपलीच माणसं राबली. केंद्राचं ५० लाखांचं विमा संरक्षण आरोग्य कर्मचाऱ्यांपुरतं होतं. बाकीच्यांसाठी राज्याचा ५० लाखांच्या मदतीचा शासन निर्णय २९ मे २०२० ला आला. दावा मंजूर होईपर्यंत दवाखान्याचं बिल आणि पतसंस्थेचा हप्ता थांबत नाही. हप्ता थकला की जामीनदाराच्या पगारातून कपात सुरू होते, म्हणजे एका घरावरचं संकट आणखी दोन घरांत शिरतं. हे मधले महिने संघटनेनं नाही तर कुणी सांभाळायचे?

लेखाशाखा, विजयनगर
गुरुजी, माझा या निधीला विरोध आहे. वर्गणीचा निधी एरवी चालतो तो मृत्यू तुरळक असतात म्हणून. साथीत ते एकदम येतात. तुमच्या वर्षभराच्या वर्गणीत नऊ कुटुंबं बसतात. एप्रिल-मे २०२१ सारखे दोन महिने पुन्हा आले, तर दहाव्या घरी जाऊन काय सांगायचं?

आणि खरं नुकसान १ लाखाचं नाही, ५० लाखांचं होतं. दावे कुठं अडकतात ते बघा. अट अशी होती की दवाखान्यात भरती होण्यापूर्वीच्या किंवा मृत्यूपूर्वीच्या १४ दिवसांत कर्मचारी कोविडच्या कामावर हजर असला पाहिजे. समजा एखादा माणूस २ तारखेपर्यंत नाक्यावर होता. ५ ला ताप आला, घरीच विलगीकरणात राहिला आणि श्वास कमी पडायला लागल्यावर १८ ला भरती झाला. अंतर १६ दिवस, दावा गेला. तोच माणूस १२ ला भरती झाला असता तर बसला असता. दुसरी अडचण आदेशाची. नेमणुका फोनवर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर झाल्या. लेखी आदेश नाही, नाक्यावरच्या हजेरीपत्रकावर सही नाही. मग कार्यालयप्रमुख प्रमाणपत्र देणार कशाच्या आधारावर? तिसरी, तपासणी. छातीच्या सीटी स्कॅनवर उपचार झाले, पण मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा पॉझिटिव्ह अहवालच नाही. रुग्णालयाच्या नमुना ४ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय दाखल्यात, कारण नुसतं ‘न्यूमोनिया’ लिहिलं असेल तर आणखी एक वाद.

हे सगळं माणूस जिवंत असतानाच दुरुस्त होतं. त्यासाठी प्रत्येक तालुक्याला एक जाणता कार्यकर्ता हवा, पैशांची पेटी नको.

आरोग्यसेविका, तासगाव
दोघंही कायम सभासदांपुरतंच बोलताय. राज्याच्या त्या निर्णयात कंत्राटी, बाह्यस्रोताचे, रोजंदारी आणि मानसेवी (मानधनावरचे) कर्मचारीही होते. पण ठेक्यावरच्या सफाई कामगाराची हजेरी ठेकेदाराच्या वहीत असते आणि ठेका संपला की वहीही जाते. त्याच्यासाठी कोण भांडलं? आशाताईंना जून २०२१ च्या संपानंतर महिन्याला १,००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मिळाला तो लढून. वर्गणी गोळा करून एवढं कधीच मिळालं नसतं.

कृष्णाकाठचे गुरुजी
ताई, कंत्राटींना निधीत घ्यावं हे मान्य. साहेबांचा दहाव्या घराचा प्रश्नही रास्त आहे. त्यावर उपाय आहे: मदत २५ हजारांवर आणायची, म्हणजे तेवढ्याच वर्गणीत ३८ कुटुंबं बसतात, आणि वर्षाअखेरची शिल्लक मुदत ठेवीत टाकायची. पण कागद आधी, पैसे नंतर हे मला पटत नाही. उमदीच्या किंवा आटपाडीच्या विधवेनं प्रमाणपत्रासाठी सांगलीला हेलपाटे घालायचे तर गाडीभाडंही लागतं. घरात पैसाच नसेल तर ती तिसऱ्या खेपेला येणार नाही आणि तुमचा जाणता कार्यकर्ता तिच्या फाईलची वाट बघत बसेल.

लेखाशाखा, विजयनगर
२५ हजारांना माझी हरकत नाही, पण ते अनुदान नको, दाव्याचा खर्च म्हणून द्या आणि वेगळ्या बँक खात्यातून द्या. संघटनेच्या घटनेत तशी तरतूद आधी करून घ्या, नाहीतर लेखापरीक्षणात अडकेल. पगारातून कपात करायची तर प्रत्येक सभासदाची लेखी संमती आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे (पगाराची बिलं काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे) द्यावी लागेल.

मात्र शासनाशी भांडायचं काम या निधीमागं झाकलं जाऊ नये. ५० लाखांच्या त्या योजनेची पहिली मुदत ३० सप्टेंबर २०२० होती, ती पुढे वाढवून घ्यावी लागली. १४ दिवसांची अट लक्षणं दिसल्याच्या तारखेपासून मोजा, अशी मागणी संघटनांनी आत्ताच लेखी लावून धरली पाहिजे. साथ आल्यावर तिकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

पेन्शनवाला, विटा
दोघांच्याही हिशेबातून एक गोष्ट सुटली. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती, त्यामुळे दुसऱ्या लाटेत सगळ्यात उघड्यावर पडली ती हीच तरुण घरं. दहा वर्षं सेवा पूर्ण होण्याआधी मृत्यू झाला तर १० लाख सानुग्रह होतं. अकराव्या वर्षी गेलेल्याला तेही नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाचा पर्याय मार्च २०२३ मध्ये आला, तोही संपानंतर.

तालुक्याला माणूस नेमाल तेव्हा पहिल्या महिन्यात त्याला एकच काम द्या: प्रत्येक सभासदाचं सेवापुस्तक उघडून नामनिर्देशन, म्हणजे मागे पैसे कुणाला मिळणार ते नाव, तपासणं. लग्नाआधी भरलेल्या नमुन्यात अजून आई-वडिलांचंच नाव असतं. भविष्य निर्वाह निधी, गटविमा आणि उपदान (ग्रॅच्युइटी) यांचे नमुने वेगवेगळे आहेत, एक बदलला म्हणून बाकीचे बदलत नाहीत. पत्नीचं नाव आधारवर वेगळं आणि सेवापुस्तकात वेगळं असेल तर आत्ताच राजपत्रात नावबदल करून घ्या. नंतर तेवढ्यासाठी वारस दाखल्याला कोर्टात जावं लागतं.