मदत हवी आहे: कड्यामागे लपलेला वेलिंग्टन हलवायचा कसा?

वॉटर्लूच्या लढाईचा (१८ जून १८१५) ऑनलाइन डाव चालू आहे. मी फ्रेंच, म्हणजे नेपोलियन; समोर जुना मित्र ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन होऊन बसलाय. गडी प्रत्येक चालीसोबत 'सेंट हेलेनाची बोट लागली आहे, सामान भरा' असा निरोप धाडतो (हरल्यावर नेपोलियनला त्याच बेटावर कैदेत धाडलं होतं). हरणाऱ्याने महिनाभर प्रोफाइलला विजेत्या सेनापतीचं चित्र लावायचं, असं ठरलंय. त्यामुळे हरणं परवडणारं नाही!

खेळातले दुपारचे साडेतीन झालेत. त्याचं पायदळ माँ-सँ-झाँच्या कड्यामागच्या उतारावर आहे, त्यामुळे मोठ्या तोफखान्याचा मारा जवळजवळ वाया जातोय. कड्यापुढच्या ऊगोमाँच्या वाड्यावर हल्ला चढवला, तिथे माझंच सैन्य अडकलं. नुसतं घोडदळ सोडलं, तर त्याचं पायदळ लगेच चारी बाजूंनी संगिनी रोखून चौकोन बांधतं, घोडे आत शिरत नाहीत. (खऱ्या लढाईत नेपोलियनचा सेनापती ने याचंही तेच झालं होतं, ठाऊक आहे.) कड्यासमोरचं ला ए सँत हे शेतघर मात्र माझ्या ताब्यात आलंय.

माझा दूर गेलेला सेनापती ग्रूशी या डावात मदतीला येत नाही, वेलिंग्टनच्या बाजूचे प्रशियन साडेचारला माझ्या उजव्या बगलेवरच्या प्लाँसन्वा गावाकडे येणार. माझा सेनापती लोबो याचं दल आणि इंपीरियल गार्ड (नेपोलियनची खास निवडक फौज) अजून ताजं आहे. चाल मागे घेता येत नाही, रविवारी रात्रीपर्यंत पाठवायची आहे.

लोबोला प्लाँसन्वात बसवून गार्ड आत्ताच मध्यावर घालू, की आधी ला ए सँतजवळ घोडतोफा आणून ते चौकोन फोडू?