दुकानाचं पेज सांभाळताना झालेले घोळ

टिळकवाडीची
काल फोननं जुना फोटो वर काढला आणि मी भाजी निवडायची थांबले. कढईच्या कडेला लागून तपकिरी झालेला कुंदा, वर मीच लिहिलेलं "आज १० टक्के सूट". तारीख १ नोव्हेंबर. बेळगावातल्यांना पुढचं सांगायला नको.
मिठाईच्या दुकानाचं पेज बघायचे तेव्हा. महिन्याच्या पोस्टी एका बैठकीत बनवून, तारखा लावून मोकळी. कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस एकाच दिवशी, हे जन्मापासून माहीत, पण डोकं कुठं होतं देव जाणे. सकाळी नऊला एक बाजू "राज्योत्सवाची सूट काय?", दुसरी "५६ सालापासून काळा दिवस पाळतोय, लाज वाटत नाही?", तिसरे बेळगाव की बेळगावी यावर. कुंद्याचा भाव एकानंही विचारला नाही. मालक म्हणाले, "ताई, पुसून टाका. आपल्याला कुंदा विकायचाय, सीमाप्रश्न सोडवायचा नाही." सांगा आता तुमचे घोळ.

शहापूरचा_पोरगा
😂😂 एक तारखेला आमचं पेज झोपलेलं असतंय

वडगाव_साडी
आमचं भांडण रंगाशी. ट्यूबलाईटखाली लाल साडी राणी कलर दिसली, तीन परत आल्या. आता फोटो गच्चीवर, सकाळी नऊच्या आत. सासूबाई पदर धरून उभ्या, हात दुखला की मलाच बोलतात.

खानापूरकर
पुण्याच्या एजन्सीनं १९ फेब्रुवारीला शिवजयंतीचं पोस्टर टाकलं, खाली "चित्ररथाला भेटूया". अवो, आपल्याकडं शिवजयंतीचा चित्ररथ वैशाखात! दोघं खरंच दुकानात विचारायला आले.

शहापूरचा_पोरगा
@खानापूरकर एजन्सीला मे महिन्यात रात्रभर उभं करा मिरवणुकीत, कळंल

निपाणीची_सून
रीलला गाणी कुठली घेता? बिझनेस अकाउंट केल्यापासून चांगली गाणीच दिसेनात.

वडगाव_साडी
@निपाणीची_सून बिझनेसला सगळी मिळत नाहीत. मी मागाचा खटखटाटच ठेवला. गाण्यापेक्षा जास्त चालला, बायका विचारतात हा आवाज कुठला.

निपाणीची_सून
बघते. बाळ उठलं

चिकोडी_ते_पुणे
विषय सोडून विचारतो, कुंदा कुरिअरनं पुण्याला टिकतो काय?

खानापूरकर
टिकतो हो. घरात टिकत नाही.

चिकोडी_ते_पुणे
@टिळकवाडीची ताई, दुकानाचं नाव?

टिळकवाडीची
नाव सांगितलं तर मालक लगेच ओळखतील. सुटीचे दहा टक्के अजून माझ्या नावावर आहेत.