पक्के सेंट्रॉइड, डीटीडब्ल्यू आणि हरभऱ्यात पडणारी कांदेबाग

गिरणाकाठ: कुठल्या शेतात कोणतं पीक आहे ते ओळखायचंय. रावेर-यावल पट्ट्यातल्या शेतांच्या एनडीव्हीआय (पिकाचा हिरवेपणा सांगणारा आकडा) मालिका सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रांवरून काढल्यात. जून ते मे, दर दहा दिवसांना एक आकडा, म्हणजे शेतामागे ३६. कापूस, मका, हरभरा आणि केळी यांचे नमुना-वक्र पाहणीतून ठरलेत, ते हलवायचे नाहीत. टीएसलर्न या पायथन लायब्ररीतल्या के-मीन्सला (सारख्या मालिकांचे गट पाडणारी पद्धत) तेच सेंट्रॉइड, म्हणजे गटांचे मध्य-वक्र, म्हणून सुरुवातीला दिले, मॅक्स_इटर (फेऱ्यांची मर्यादा) १ ठेवलं, तरी वक्र बदलतात. कांदेबागेची (ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या केळीची) शेतंही हरभऱ्यात पडतात. मालिका झेड-नॉर्मलाइज केल्या आहेत.

सातपुडा_डेटा: भाऊ, इथे के-मीन्स नकोच. एकच फेरी दिली तरी शेतं वाटून झाल्यावर तो सेंट्रॉइड नव्याने काढतो. डीटीडब्ल्यू म्हणजे दोन मालिका काळात पुढेमागे ताणून मोजलेलं अंतर; टीएसलर्नचंच सीडिस्ट_डीटीडब्ल्यू वापरून शेतं आणि वक्र यांच्या अंतरांचा तक्ता करा, प्रत्येक ओळीतलं सर्वांत लहान अंतर घ्या. काम संपलं.

झेड-नॉर्मलायझेशन मात्र आजच काढा. उभ्या केळीची रेघ बराच काळ वर आणि जवळपास सपाट असते. तिची सरासरी वजा करून इवल्याशा प्रमाण विचलनाने भागलं की ढगांमुळे आलेली खळबळच फुगून दिसते. केळीची खूण म्हणजे तिची उंची, तीच पुसली जाते. एनडीव्हीआय सगळ्या शेतांना एकाच मापात असतो, तसाच राहू द्या.

काळी_जमीन: केळीला एक वक्र पुरणार नाही. मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडावरची लागवड), कांदेबाग, पिलबाग (आधीच्या केळीच्या पिलांवर घेतलेलं पीक) असे तीन वेगळे ठेवा; तिघांची सरासरी काढलेला वक्र कुठल्याच शेतासारखा नसतो. कांदेबागेची लागवड ऑक्टोबरच्या सुमारास, थंडीत वाढ मंद, मार्च ते मे रेघ चढलेली. हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघाला की रेघ खाली. दोघांतला खरा फरक मार्चनंतरच दिसतो, त्यामुळे मालिका फेब्रुवारीला तोडू नका.

साको-चिबा पट्टा (डीटीडब्ल्यूने मालिका किती सरकवायची याची मर्यादा) लावलाय का? नसेल तर डीटीडब्ल्यू खरिपाचा मका खुशाल रब्बीच्या मक्यावर नेऊन बसवेल. त्रिज्या ३ म्हणजे ३० दिवस. बागायती कापूस मेअखेर लागतो, कोरडवाहू पावसानंतर जूनमध्ये. तेवढा फरक यात मावतो. याहून मोठी त्रिज्या मी तरी ठेवणार नाही. पट्ट्याच्या आतल्या सरकण्यालाही दंड हवा असेल तर काळाचं वजन धरणारं टीडब्ल्यूडीटीडब्ल्यू बघा.

तापी_पूर्णा: पावसाळ्यातल्या ढगाळ तारखा एससीएल थरावरून (सेंटिनेलच्या चित्रात ढग, सावली कुठे ते सांगणारा थर) गाळल्या असतील, तर रिकाम्या जागा आधी भरा. मध्येच नॅन (रिकामी किंमत) राहिला की अंतर नॅन किंवा अनंत येतं, आणि पूर्ण ओळ तशी आली की आर्गमिन (सर्वांत लहान अंतराचा क्रमांक देणारं फंक्शन) मुकाट्याने शून्य देतं. अशी सगळी शेतं तुमच्या यादीतल्या पहिल्या पिकात जातात, एररही येत नाही. वाटणीआधी तक्त्यावर आयएसफायनाइट (नॅन किंवा अनंत पकडणारं फंक्शन) चालवा.

ऊस, पपई, पडीक यांना वक्रच नाहीत, तरी सर्वांत लहान अंतर कुठेतरी निघणारच. पाहणी केलेल्या शेतांची आपापल्या वक्रापासूनची अंतरं काढा, पिकागणिक ९५ वा शतमक ही मर्यादा धरा, त्यापलीकडचं 'इतर'. पहिलं आणि दुसरं अंतर अगदी जवळ असेल तर ते शेत प्रत्यक्ष पाहायच्या यादीत टाका. फरदड ठेवलेला (हंगाम संपल्यावरही शेतात राखलेला) कापूस बहुधा तिथेच सापडेल.