सकाळच्या उन्हाच्या बाल्कनीत कोणता गुलाब लावावा?

प्रश्न (नेरूळ)
आमच्या पाचव्या मजल्यावरील बाल्कनीत सकाळी जेमतेम चार तास ऊन येते. देवपूजेसाठी दोन-चार फुले मिळावीत आणि जमल्यास घरच्या पाकळ्यांचा गुलकंद करावा, अशी आईची इच्छा आहे. गेल्या वर्षी आणलेल्या लाल कलमी गुलाबाने तीन मोठी फुले दिली. नंतर मात्र बुडाशी फुटलेला एकच हिरवागार धुमारा हात-दीड हात वाढला, आणि वरच्या फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत वाळल्या. हेच रोप सांभाळावे की नवे आणावे?

उत्तर (ठाणे, घोडबंदर रस्ता)
बुडाची माती बोटाने थोडी उकरून पाहा. जेथे डोळा भरलेला (म्हणजे कलम केलेले) असतो तेथे खोडाला गाठ दिसते. धुमारा तिच्या खालून आला असेल तर तो खुंटाचा, म्हणजे रानगुलाबाचा आहे. त्याच्या एका पानाला बहुधा सात किंवा अधिक पर्णिका असतात, कलमी गुलाबाला सहसा पाच. असा धुमारा वेळीच मुळापासून ओढून काढला नाही, तर तो वरच्या कलमाचे अन्न खातो. गाठीच्या वर एकही हिरवी फांदी उरली नसेल, तर त्या रोपाचा मोह सोडावा.

मोठ्या, एकेकट्या फुलांचे गुलाब हायब्रिड टी वर्गातले. १८६७ मधील ‘ला फ्रान्स’ हा त्यांतला पहिला मानतात. फुलदाणीसाठी ते उत्तम, परंतु त्यांना पाच-सहा तास ऊन हवे. पूजेसाठी झुबक्याने फुलणारा फ्लोरिबंडा किंवा बटण गुलाब घ्यावा. फूल लहान असले तरी एका फांदीवर पाच-सात येतात. (रोपवाल्याकडे ‘चिनी गुलाब’ मागू नये, ती वेगळीच, मांसल पानांची वनस्पती आहे.)

उत्तर (खारघर)
गुलकंदासाठी फुलाच्या आकारापेक्षा सुगंध महत्त्वाचा असल्यामुळे गावठी गुलाबी गुलाबच लावावा. कनौज-अलीगडकडे अत्तरासाठी लावतात तो दमास्क गुलाब मार्च-एप्रिलच्या सुमारास एकदाच बहरतो आणि आपल्या दमट हवेत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. ‘एडवर्ड’ हा बोर्बोन (जुन्या सुगंधी गुलाबांच्या एका) वर्गातला गुलाब मात्र पुन्हापुन्हा फुलतो.

पाकळ्या आणि खडीसाखर समान वजनाने घेऊन काचेच्या बरणीत थर द्यावेत व तीन आठवडे उन्हात ठेवावे. पाकळ्यांवर पाण्याचा थेंबही राहू देऊ नये. मुंग्यांसाठी बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवणे आमच्या घरी अनिवार्य आहे. बाजारातली, विशेषतः हारवाल्याकडची फुले गुलकंदासाठी वापरू नयेत, कारण त्यांवर कोणती फवारणी झाली ते कळत नाही.

प्रश्नकर्ती
गाठ सापडली आणि धुमारा खालूनच निघाला. गाठीच्या वर मात्र बोटभर हिरवी फांदी आहे.

उत्तर (ठाणे, घोडबंदर रस्ता)
मग रोप वाचेल. धुमारा ओढून काढा, वाळलेला भाग हिरव्यापर्यंत छाटा आणि कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. नेहमीची छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. शेजारी एक गावठी गुलाब ठेवा. पण एवढ्या कुंड्यांतून गुलकंदाची छोटी बरणीच भरेल, हे आईंना आधी सांगून ठेवा.