मेथडिस्ट, सीएसआय, सीएनआय, कॅथलिक: ऐक्य व्यवहारात कुठवर पोहोचले आहे?

खानापूरकर:
नमस्कार. आमचे कुटुंब बेळगावातील मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट मंडळीचे (चर्चचे) असून माझ्या मुलीचा विवाह एका कॅथलिक घरात ठरला आहे. तिचा पुन्हा बाप्तिस्मा करावा लागेल, असे त्यांच्याकडील एका ज्येष्ठांनी सांगितल्याने आमच्या वडीलधाऱ्यांचे मन दुखावले. हे खरे आहे का? शिवाय 1970 साली नागपुरात प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, तेव्हा आपण बाहेर कसे राहिलो?

निपाणीकर:
ते ज्येष्ठ चुकले आहेत. पाण्याने व पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक धर्मसभा वैध मानते. ते त्याला स्नानसंस्कार म्हणतात एवढाच शब्दांचा फरक. मात्र मिश्रविवाहासाठी बिशपांची परवानगी लागते आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य तितके करीन, असे वचन कॅथलिक वराला द्यावे लागते, जे मुलीलाही कळवले जाते. याविषयी दोन्ही घरांनी आधीच बोलावे, कारण खरा पेच बाप्तिस्म्यापेक्षा येथेच असतो.

कॅम्पवासी:
दुसऱ्या प्रश्नाविषयी. 1947 मध्ये सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) स्थापन झाली, तेव्हा अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेच्या) मंडळीतील बिशपपद आणि बिशप नसलेल्या मंडळ्यांचे पाळक यांचा मेळ घालणे सर्वांत अवघड होते. आधीच्या पाळकांना पाळकपदाची दीक्षा पुन्हा न देता त्यांना स्वीकारायचे आणि पुढील दीक्षा मात्र बिशपांच्या हस्ते द्यायच्या, असा मार्ग निघाला. सीएनआयने 29 नोव्हेंबर 1970 रोजी वेगळी वाट धरली: सर्व पाळकांनी परस्परांवर हात ठेवून प्रार्थना केली, आणि प्रौढांनाच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्ट सामील असल्याने बालकांचा व प्रौढांचा, असे बाप्तिस्म्याचे दोन्ही प्रकार मान्य झाले. ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट त्यात गेले. आपली मंडळी अमेरिकन परंपरेची, जिच्यात बिशप आधीपासूनच होते, ती वाटाघाटींत असूनही अखेरच्या टप्प्यात बाहेर राहिली आणि 1981 मध्ये स्वायत्त झाली. गंमत अशी, की सीमाभागात आज बेळगाव सीएसआयच्या उत्तर कर्नाटक धर्मप्रांतात व कोल्हापूर सीएनआयमध्ये आहे, तरी त्यांच्या सभासदांना एकमेकांच्या प्रभुभोजनात (उपासनेतील भाकर-द्राक्षारसाच्या विधीत) अडचण येत नाही. राज्याची सीमा मात्र अजून भांडते आहे.

खानापूरकर:
आभार. मग कॅथलिक मिस्सेत (उपासनेत) मुलीला कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजन, घेता येईल का?

निपाणीकर:
सर्वसाधारणपणे नाही. माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, या शिकवणीवर लूथरन व कॅथलिक यांनी 1999 मध्ये जे संयुक्त निवेदन केले, त्याला जागतिक मेथडिस्ट परिषदेने 2006 मध्ये संमती दिली. तरीही प्रभुभोजनाचा मेज एक झालेला नाही, याची सल दोन्हीकडच्या अनेकांना आहे. तूर्त पाळकसाहेबांकडून बाप्तिस्म्याचा दाखला घ्या, आणि तो बाप्तिस्मा त्रैक्याच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या) नावाने पाण्याने झाला होता, हे त्यात स्पष्ट लिहून मागा.