बंद डब्यातल्या लाडवाचा पत्ता मुंग्यांना कसा लागतो?

प्रश्न:
परवा बेसनाचे लाडू स्टीलच्या डब्यात घट्ट झाकण लावून फडताळात ठेवले होते. सकाळी पाहते तर खिडकीच्या चौकटीपासून डब्यापर्यंत तांबड्या मुंग्यांची रांग लागलेली. मधली रांग ओल्या फडक्याने पुसली, तेव्हा मागून येणाऱ्या मुंग्या पुसलेल्या जागेशी थबकल्या, मिशा हलवीत इकडेतिकडे फिरल्या आणि थोड्या वेळाने रांग पुन्हा जुळली. इतक्या लांबून त्यांना वास येतो का, आणि पुसलेली वाट पुन्हा सापडते कशी?

प्रतिसाद १:
वास येतो, पण थेट वारुळापर्यंत नव्हे. काही मुंग्या अन्नाच्या शोधात एकेकट्या भटकत असतात. त्यांपैकी एखादीला झाकणाच्या कडेचा तुपासाखरेचा अंश सापडला, की ती परतताना पोटाचे टोक जमिनीला टेकवत फेरोमोन नावाच्या गंधद्रव्याचा माग सोडते. बाकीच्या त्या मागावर निघतात आणि अन्न मिळालेल्या मुंग्या परतताना त्यात भर घालतात. हा गंध हळूहळू उडून जातो, त्यामुळे अन्न संपले की वाटही मोडते. १९८९ साली ब्रुसेल्सच्या संशोधकांनी अर्जेंटिनी मुंग्यांपुढे एक लांब आणि एक आखूड असे दोन फाटे असलेला पूल ठेवला होता. आखूड फाट्यावरची फेरी लवकर पुरी होत असल्याने तिथे गंध आधी साठला आणि बहुतेक मुंग्या त्याच वाटेला लागल्या. आपण पुसलात तो केवळ मधला तुकडा. दोन्ही टोकांचा माग शाबूत होता. खिडकीच्या फटीपर्यंत सगळी वाट साबणाच्या पाण्याने पुसावी, आणि त्याआधी झाकणाची कड.

प्रतिसाद २:
एक भर घालतो. लाडवाचा कण उचलून नेणाऱ्या प्रौढ मुंगीला तो स्वतः गिळता येत नाही, कारण तिच्या तोंडातली गाळणी घन कण अडवते. ती द्रव तेवढा पिते. घन अन्न अळ्यांना भरवले जाते. प्यालेल्या द्रवातला बराचसा भाग ती वेगळ्या पोटात साठवते आणि वारुळातल्या इतर मुंग्यांच्या तोंडात घालते. काचेवर साखरेच्या पाण्याचा थेंब ठेवून भिंगातून अवश्य पाहा: पिता पिता तिचे पोट फुगते, त्यावरचे पट्टे एकमेकांपासून सरकतात आणि मधली पातळ त्वचा चकाकू लागते.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. झाकणाच्या खाचेत तूप होतेच. पण जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर तर गोड काहीच नाही. तिथे मुंग्या का?

प्रतिसाद २:
पाने उलटून पाहा, मावा दिसेल. मावा झाडाचा रस शोषून गोड, चिकट द्रव बाहेर टाकतो आणि मुंग्या तो पितात. त्या बदल्यात मावा खाणाऱ्या किड्यांना त्या हुसकावून लावतात.