मदत हवी आहे: रोलअपने बांधलेल्या चार्ट.जेएसच्या छोट्या बिल्डमधून नोंदणीचा कोड गायब होतो

नमस्कार मंडळी,

चार्ट.जेएस या आलेख काढणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या चौथ्या आवृत्तीतून फक्त रेषालेखापुरती एक छोटी फाइल रोलअपने (अनेक फाइली जोडून एक करणाऱ्या बंडलरने) बांधण्याचा प्रयत्न मी दोन दिवसांपासून करत आहे. ज्या पानांवर ती वापरायची आहे तिथे स्क्रिप्ट टॅगमधून एकच फाइल जोडता येते, म्हणून आउटपुट आयआयएफई (लोड होताच स्वतःहून चालणारे फंक्शन) प्रकारचे ठेवले आहे. लायब्ररीची संपूर्ण फाइल मिनिफाय करूनही (कोड आक्रसूनही) सुमारे २०० केबीची भरते आणि तिच्यातले पाय, रडार, बबल वगैरे आलेखप्रकार आम्हाला कधीच लागणार नाहीत.

माझी मुख्य फाइल चार्ट हा क्लास एक्सपोर्ट करते आणि 'नोंदणी' नावाची दुसरी फाइल नुसती इम्पोर्ट करते, म्हणजे तिच्याकडून कोणतेही नाव मागवत नाही. तिसऱ्या आवृत्तीपासून (२०२१) लागणारे घटक आपणच नोंदवावे लागतात, म्हणून या दुसऱ्या फाइलमध्ये लाइनकंट्रोलर, लाइनएलिमेंट, पॉइंटएलिमेंट, लिनिअरस्केल आणि कॅटेगरीस्केल हे पाच घटक चार्ट.रजिस्टरला दिले आहेत.

बिल्ड विनातक्रार पूर्ण होते. पान उघडल्यावर मात्र कन्सोलमध्ये '"लाइन" इज नॉट अ रजिस्टर्ड कंट्रोलर' अशी एरर येते आणि कॅनव्हास कोराच राहतो. आधी कोड आक्रसणाऱ्या टर्सर या प्लगइनवर संशय होता, पण तो काढून टाकला तरी फरक पडला नाही. ट्रीशेक (ट्री-शेकिंग, म्हणजे न वापरलेला कोड गाळणे) हा पर्याय फॉल्स केला की आलेख व्यवस्थित उमटतो, मात्र मग सगळी लायब्ररीच आत येते आणि एवढा खटाटोप कशासाठी केला असा प्रश्न पडतो. सगळ्यांत चमत्कारिक गोष्ट अशी की नोंदणीच्या फाइलमध्ये बारकंट्रोलर वाढवून पाहिला, तरी तयार फाइलचा आकार एका बाइटनेही बदलला नाही.

रोलअपची प्लगइन दोनच आहेत, नोड-रिझॉल्व्ह (इम्पोर्ट केलेली पॅकेजेस शोधून देणारे) आणि टर्सर. पॅकेज.जेसन ही प्रकल्पाच्या माहितीची फाइल आमच्या आधीच्या एका लायब्ररीतून उचलून नाव आणि आवृत्ती तेवढी बदलली आहे. ट्री-शेकिंग चालू ठेवून ही नोंदणी कशी टिकवावी, हे कृपया कोणी सांगेल का?

प्रतिसाद १

आकार जराही बदलत नाही म्हणजे ती नोंदणीची फाइल बंडलमध्ये (तयार फाइलमध्ये) येतच नाही. आपण उचललेल्या पॅकेज.जेसनमध्ये 'साइडइफेक्ट्स' फॉल्स आहे का, ते आधी पाहावे. तसे असेल तर या पॅकेजमधल्या ज्या फाइलमधून काहीही वापरले जात नाही ती खुशाल वगळावी, असे आपणच बंडलरला सांगितलेले असते. आपली नोंदणीची फाइल काहीच एक्सपोर्ट करत नाही, ती फक्त एक काम करून मोकळी होते, त्यामुळे रोलअप आपल्या शब्दावर विश्वास ठेवून ती गाळतो. नोड-रिझॉल्व्ह ही सूचना मूळ प्रकल्पाच्या फाइलींनाही लावतो, हे सहसा ध्यानात येत नाही.

फॉल्सच्या जागी त्या एका फाइलचा मार्ग असलेली यादी द्यावी, किंवा नोड-रिझॉल्व्हचा 'इग्नोअरसाइडइफेक्ट्सफॉररूट' हा पर्याय ट्रू करावा. मी स्वतः रजिस्टरची ओळ सरळ मुख्य फाइलमध्ये लिहिली असती, कारण एंट्री फाइल (म्हणजे ही मुख्य फाइल) गाळली जात नाही आणि सहा महिन्यांनी पॅकेज.जेसनला कोणी हात लावला तरी काही बिघडणार नाही.

प्रश्नकर्ता

तेच कारण निघाले, 'साइडइफेक्ट्स' फॉल्सच होते. रजिस्टरची ओळ मुख्य फाइलमध्ये हलवली आणि ट्री-शेकिंग चालू असतानाही आलेख उमटला. मनःपूर्वक आभार. आता बिंदूवर माउस नेला तर माहितीची चौकट दिसत नाही, पण कन्सोलमध्ये एररही नाही. हेही त्यातलेच असावे का?

प्रतिसाद १

होय. टूलटिप (ती माहितीची चौकट) आणि लेजंड (रेषांच्या नावांची सूची) हीसुद्धा नोंदवावी लागणारी चार्ट.जेएसची प्लगइन आहेत. कंट्रोलर किंवा स्केल राहिले तर एरर येते, पण ही दोन राहिली तर लायब्ररी काहीही न बोलता त्यांच्याविना आलेख काढते. त्याच ओळीत ही दोन नावे वाढवा.